वाहून घेते, वाहून जाते

“वाहून जाते म्हणाली ती. मला वाटलं, भामा नदीला पूर आला का काय.”

जिन्याच्या वळणावर, चपलांच्या ढिगाशी उभ्या राहून मार्थामावशी दुसऱ्या एका बाईला हे सांगत होत्या. दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वरच्या पायरीवर होते, त्यांना दिसत नव्हते. दुसरी बाई म्हणाली, “पोरगी गुणाची आहे गं, पण पोरांना शिकवणार काय? बोलायला लागली की निम्मं गिळती.” त्यावर मार्थामावशी काहीतरी म्हणाल्या. ते मी ऐकलं नाही, कारण तोवर मी मागच्या मागे प्रार्थनेच्या हॉलमध्ये परतले होते. मुलांनी टाकलेले खडूचे तुकडे वेचत बसले आणि खालचा आवाज थांबल्यावरच घरी निघाले.

चूक माझीच होती, आणि ती हसण्यासारखीही होती. त्या दुपारी फादरांनी मला माइकसमोर उभं करून सराव करून घेतला होता. मला एकच वाक्य म्हणायचं होतं, ‘मी स्वतःला प्रभूच्या सेवेला वाहून घेते.’ घरी आरशासमोर ते मला नीट जमत होतं. इथे समोर बायका बसलेल्या, माइकमधून माझाच आवाज परत येत होता, आणि तोंडातून निघालं, ‘मी प्रभूच्या सेवेत वाहून जाते.’ इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला ‘घेते’ आणि ‘जाते’ यांतलं अंतर लहान वाटतं. मराठीत ते काठावर उभं राहणं आणि पाण्यात पडणं इतकं आहे.

आमच्या घरात तीन भाषा अर्ध्याअर्ध्या बोलल्या जातात. मम्मी मंगळूरकडची, ती आमच्याशी इंग्रजीत बोलते. पप्पा नगर जिल्ह्यातले. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आपल्या मुलीने साहेबांसारखं इंग्रजी बोलावं म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि घरीही माझ्याशी मराठी बोलायचं हळूहळू सोडलं. त्यामुळे मला मराठी सगळं कळतं, वाचता येतं, लिहिताही येतं, पण लोकांसमोर बोलताना जीभ दचकते. मुळात मी बोलतेच कमी. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत मी इतकी वर्षं राहते, तरी लिफ्टमध्ये कोणी बोलायला लागलं की मी मोबाइल काढते. माणसांकडे पाहायला मला आवडतं. माणसांनी माझ्याकडे पाहिलेलं मात्र आवडत नाही.

अशी मी धर्मशिक्षिका कशी झाले, हे मलाही नीट सांगता येणार नाही. चाकणला एका कंपनीत मी क्वालिटी विभागात काम करते. तिथल्या कारखान्यांत काम करणारी बरीच ख्रिस्ती कुटुंबं जालना आणि नगर भागातून आलेली आहेत. त्यांना शहरातलं मोठं चर्च लांब पडतं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानावरचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल भाड्याने घेऊन तिथे मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली. मुलांना शिकवायला कोणी नव्हतं. फादरांनी मोठ्या चर्चमध्ये एकदा सगळ्यांना विचारलं, आणि माझा हात वर गेला. तो खाली घ्यावा असं लगेच वाटलं, पण फादरांनी पाहिलं होतं. तेव्हापासून दर रविवारी मिस्सेच्या आधी मी तिथे मुलांकडून पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याची, तयारी करून घेते. मुलांसमोर मला भीती वाटत नाही. मुलं चुकीच्या शब्दाला हसतात, पण हसून झालं की विसरतात.

वैयक्तिक समर्पणाचा विचार त्या कामातूनच आला. मी सिस्टर होऊन मठात जाणार नव्हते, नोकरी सोडणार नव्हते, घर सोडणार नव्हते. आपलं जे आहे, वेळ, बुद्धी, ही अडखळणारी जीभसुद्धा, ते यापुढे प्रभूचं, मारियामातेच्या हातून त्याला दिलेलं, असं एकदा ठरवून सांगायचं होतं. त्यासाठी काही आठवड्यांची तयारी असते. रोज ठरलेली प्रार्थना, थोडं मौन, स्वतःच्या मनाची झडती, शेवटी प्रायश्चित्त. मौन मला सोपं गेलं. मनाची झडती घेतानाही मला बरंच काही दिसलं आणि ते मी मान्य केलं. तयारीत अवघड असं एकच होतं. फादरांनी सांगितलं होतं की हे समर्पण मराठी मिस्सेत, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर मोठ्याने करायचं. “मनात म्हटलेलं देवाला ऐकू येतं,” ते म्हणाले होते. “पण तू शिकवणारी आहेस. ज्यांना शिकवतेस त्यांनाही ऐकू आलं पाहिजे.”

आणि त्यांना ऐकू आलं, ते हे असं.

त्या रविवारी घरी येताना मी सगळं ठरवून टाकलं. समर्पण करायचं, पण मोठ्या चर्चमध्ये, इंग्रजी मिस्सेला, पाठीमागच्या बाकावर चारदोन ओळखीचे लोक असताना. आणि हॉलमधला वर्ग सोडून द्यायचा. ज्या बायकांच्या मुलांना मी शिकवते त्या जिन्यावर माझी नक्कल करत असतील तर माझ्या शिकवण्याला अर्थ नाही, असं मला वाटलं. आता लिहिताना कळतं की मी दुखावले होते आणि त्या दुखावण्याला मी नम्रता म्हणत होते. आपण योग्य नाही असं म्हणत बाजूला होणं फार सोयीचं असतं. कोणी त्याला नावं ठेवू शकत नाही.

फादरांना मेसेज लिहिला आणि पुसला, असं दोनतीनदा झालं. शेवटी म्हटलं, समोर जाऊनच सांगावं. आठवड्याच्या मध्ये एका दुपारी ते हॉलवर लोकांना भेटायला येतात. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि कंपनीतून निघाले.

चाकणच्या चौकात गाड्या अडकणं ही बातमी नाही. त्या दिवशी मात्र सगळंच थिजलं होतं. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, मधल्या फटींत दुचाक्या. रिक्षावाल्याने मला अलीकडेच उतरवलं आणि म्हणाला, “मॅडम, चालत जा, लवकर पोचाल.” मी दोन कंटेनरांच्या मधून वाट काढली, दुभाजकावर चढले आणि पलीकडे उतरताना माझा पाय रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात वाकडा पडला. आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुखायला एक क्षण उशिरा लागलं, आणि लागल्यावर मी दुभाजकावरच बसले.

आठदहा माणसं गोळा झाली. मी सवयीने म्हणत होते, “आय अ‍ॅम फाइन, मी ठीक आहे.” कोणी रिक्षा शोधत होतं, पण रिक्षा हलणार कुठून. कोणी म्हणालं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. दुसरा म्हणाला, ती काय वरून येणार आहे, तीपण ह्याच रांगेत उभी राहणार. दुभाजक संपतो तिथे एक नवराबायको केळ्यांची हातगाडी लावून उभे होते. बाई माझ्याजवळ आली, पायाकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, “अहो, गाडी रिकामी करा.” त्याने लगेच केळी उचलून बाजूच्या पेरूवाल्याच्या पाटीवर आणि खाली गोणपाटावर रचली. गाडीवर केळीची पानं होती, ती तशीच राहू दिली. मी परत म्हणाले की मी ठीक आहे, थोडं बसले की चालेन.

“फाइनबिइन नंतर,” बाई म्हणाली. “आधी चढा.”

दोघा माणसांनी मला उचललं. कोणी अनोळखी माणसाने मला हात लावलेला मला चालत नाही, मी दवाखान्यातसुद्धा आक्रसून बसते. पण ‘नको’ म्हणायला वेळच मिळाला नाही. मला हातगाडीवर बसवलं, पाय सरळ केला, त्याखाली बाईने आपली ओढणी दुमडून ठेवली. नवरा पुढून ओढायला लागला, बाई बाजूने चालायला लागली, आणि त्या अडकलेल्या गाड्यांच्या मधून, जिथून दुचाकीही जात नव्हती तिथून, केळ्यांची गाडी मला घेऊन निघाली.

सगळे बघत होते. कंटेनरच्या केबिनमधून ड्रायव्हर खाली बघत होते, बसच्या खिडक्यांतून आमच्याच कंपनीचे कपडे घातलेली माणसं बघत होती. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे पाहिलेलं मला आयुष्यात आठवत नाही. मी गाडीच्या दोन्ही कडा घट्ट पकडल्या होत्या. रस्त्याचा प्रत्येक खड्डा हातातून खांद्यात आणि खांद्यातून घोट्यात जात होता. माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवर बाईने हात ठेवला.

“ताई, आवळू नका. सोडा. मी आहे इथं.”

मी हात सोडले. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा ते एकेक बोट सोडवावं लागलं. सोडल्यावर हादरे थांबले नाहीत, पण ते माझ्यातून जायला लागले, माझ्यात साठेनासे झाले. मी मागे रेलले. वर दोन कंटेनरांच्या मधून आकाशाची एक लांब पट्टी दिसत होती आणि ती हळूहळू माझ्या डोक्यावरून मागे सरकत होती. एका ड्रायव्हरने आम्ही जवळून जाताना आपलं गाणं बंद केलं. आणि तेव्हा, काही प्रार्थना आठवत नसताना, माझं ते चुकलेलं वाक्य मला आठवलं. मी वाहून जाते. मला हसू आलं. बाईला वाटलं मी रडते आहे. तिने उन्हासाठी आपल्या हाताची सावली माझ्या चेहऱ्यावर धरली आणि दवाखाना येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

यात काय घडलं याचा वाद मी घालणार नाही. पाय मोडलेल्या मुलीला माणसांनी दवाखान्यात नेलं, इतकंच घडलं. मला मात्र तिथे पडल्यापडल्या नक्की माहीत होतं की मी एकटी नाही, आणि त्या बाईच्या हाताखाली आणखी एक हात आहे. इतकी खात्री मला तयारीच्या कोणत्याच दिवशी वाटली नव्हती.

दवाखान्यात आत नेईपर्यंत दोघं होती. मग नवऱ्याला आठवलं की केळी रस्त्यावर आहेत, आणि ती निघून गेली. मी त्यांचं नावही विचारलं नाही. माझी एक सँडल बाईने हातात धरून आणली होती, ती स्ट्रेचरखाली नीट ठेवलेली होती, शेजारी तीच दुमडलेली ओढणी.

तुम्हाला भेटायला निघाले होते आणि पडले, असं मी फादरांना फोनवर सांगितलं होतं. संध्याकाळी ते आले, त्यांच्यानंतर मम्मी आणि पप्पा. फादर म्हणाले, “तू मला काहीतरी सांगायला येत होतीस म्हणे.”

मी म्हणाले, “ते आता राहिलं नाही, फादर.”

 पण खरी परीक्षा त्यानंतर आली, आणि ती फार सभ्य चेहऱ्याने आली. पायाला प्लास्टर होतं, पाय टेकायचा नव्हता. समर्पणाचा दिवस जवळ आला होता, मारियामातेला देवदूताचा निरोप मिळाला तो सण. हॉल दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. मोठ्या चर्चला उतार केलेला आहे, चाकांची खुर्ची सरळ वेदीपर्यंत जाते. मम्मी म्हणाली, तिथेच करू या. फादर म्हणाले, तुला सोयीचं असेल तसं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. जे मला आठवड्यापूर्वी भांडून मिळवायचं होतं ते आता सगळे आपणहून ताटात वाढून देत होते, आणि मला कोणी भित्री म्हणालं नसतं. मी विचार करते म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी इंटरकॉम वाजला. खाली वॉचमनशी कोणीतरी मोठ्याने हुज्जत घालत होतं. थोड्या वेळाने मार्थामावशी दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी, कपाळावर घाम. चाकणहून दोन बस बदलून आल्या होत्या. एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात, त्या दिवसाची सुट्टी काढली होती.

“जय ख्रिस्त,” त्या आत येत म्हणाल्या. “बाई गं, तुमच्या गेटवर स्वर्गापेक्षा जास्त चौकशी. नाव काय, फोन काय, कोणाकडे, कशाला. वर फोटो काढला माझा.”

ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणून त्यांनी मटण आणलं नव्हतं. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. मम्मीला त्यांचं भरभर बोलणं कळेना, ती पाणी देऊन हसत आत गेली. मार्थामावशी माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या, प्लास्टरवर हात फिरवला आणि एकदम म्हणाल्या, “मी लई हसले बरं का त्या दिवशी, तू वाहून जाते म्हणालीस तेव्हा.”

मी म्हणाले, “मला ऐकू आलं. मी वरच होते.”

त्यांना जराही लाज वाटली नाही. “मग पुढचं पण ऐकलं असशील.”

“नाही. मी आत गेले.”

“हेच तुझं. निम्मं बोलती आणि निम्मंच ऐकती.” त्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात देत म्हणाल्या. “ती म्हणाली, पोरगी निम्मं गिळती. मी म्हटलं, गिळू दे. राहिलेलं निम्मं तुझ्या वर्गातली माझी नात घरी येऊन सगळ्यांना ऐकवती. पूर्ण बोलणाऱ्यांचं कोण घरी येऊन सांगतंय?”

मी भाकरी खात राहिले. बोंबलाच्या चटणीने डोळ्यांत पाणी येतं, त्याचा मला त्या क्षणी उपयोग झाला. मावशी मग आपल्याच नादात बोलत राहिल्या. जालन्याकडच्या गावातून त्या कशा निघाल्या, आधी दापोडीला नणंदेकडे, तिथून भोसरी, मग चाकण. “तू म्हणालीस त्यात चुकलं तरी काय? आमी काय ठरवून आलो इकडं? वाहूनच आलो. जिथं अडकलो तिथं कोणीतरी हात दिला. त्यालाच आमी देव म्हणतो, दुसरा कुठला आणायचा?”

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “मग सणाला येती ना?” मी जिन्याचं सांगितलं. दोन मजले, पाय टेकायचा नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी काही पोरकट बोलले. “आमची पोरं दिवसभर कंपनीत लोखंड उचलत्यात. तुझं वजन ते काय. खुर्चीत बसायचं, गप बसायचं. ते तर तुला येतंय.”

त्या गेल्यावर मी पप्पांना विचारलं की ‘वाहणे’ या शब्दाचा नेमका अर्थ काय. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, देवाला फूल वाहतात, डोक्यावर ओझं वाहतात, आणि नदी वाहते. मग वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “तुझी आजी म्हणायची, पोरं मी मारियेला वाहिलीत.” मला हे माहीत नव्हतं. इंग्रजीत या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द लागतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. मी इतके दिवस तयारी करत होते ती फूल वाहण्याची होती. स्वच्छ, नीट देठ कापलेलं, मी माझ्या हाताने ठेवलेलं. त्यात माझं वजन कोणाला उचलावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं. आणि प्रवाह माझ्या हातात नसेल, हेही नव्हतं. मी फादरांना फोन केला आणि सांगितलं, हॉलमध्येच.

सणाच्या दिवशी पप्पांनी मित्राची गाडी आणली. चाकणच्या चौकात आम्ही नेहमीसारखे अडकलो, आणि दुभाजकाच्या टोकाला केळ्यांची गाडी उभी होती. अशा गोष्टींमध्ये मदत करणारी माणसं नंतर सापडत नाहीत, शोधायला गेलं तर तिथे कोणी नसतं, असं मी ऐकत आले आहे. ही दोघं सापडली. रोज तिथेच असतात. मी काच खाली केली आणि धुतलेली ओढणी बाहेर धरली. बाईने आधी ओढणी ओळखली, मग मला.

“उतरू नका, उतरू नका,” ती जवळ येत म्हणाली. “पाय कसा आहे? कुठं निघालात एवढ्या नटून?”

मी पांढरी साडी नेसले होते. तिला काय सांगावं हा प्रश्नच पडला नाही, शब्द आपोआप आले. मी म्हणाले, “स्वतःला देवाला वाहायला चालले आहे.”

तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. “मग रिकाम्या हाताने नका जाऊ,” म्हणाली, आणि गाडीवरून केळ्यांची एक फणी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. पप्पांनी खिशात हात घातला तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो तसाच बाहेर काढला. पुढची गाडी हलली. मी तिचं नाव विचारलं. संगीता, परभणीची. आता दर रविवारी मी तिथे थांबते.

हॉलखाली मुलं प्लास्टिकची खुर्ची घेऊन तयार होती. मला तिच्यात बसवलं, मांडीवर केळी. मार्थामावशींचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र चार पायांना लागले. पहिली पायरी चढणार इतक्यात मावशी वरून ओरडल्या, “अरे थांबा! चौघांनी नका उचलू. चौघं कुणाला उचलतात, कळतंय का? पाचवा हात लावा कुणीतरी.”

सगळे घुटमळले. मग पप्पा पुढे झाले. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, तरी त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, “चला.” वळणावर खुर्ची तिरकी झाली, कोणी म्हणालं, “भावा, डावीकडं घे, डावीकडं,” कोणी म्हणालं, “मॅडम, पडलात तर केळी आधी सोडा.” मी हसत होते. मी खुर्चीचे हात धरले नव्हते. चपलांच्या ढिगाशी, जिथे मी ते वाक्य ऐकलं होतं, तिथून मला त्याच लोकांनी उचलून वर नेलं. आमच्यात समर्पणाला स्वतःला मरणं असंही म्हणतात. मावशींनी ते पाचव्या हाताने टाळलं, आणि टाळता टाळता माझ्या वडिलांना त्यात घेतलं.

खुर्ची वेदीसमोर टेकवली. मार्थामावशींनी घाम पुसला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “घ्या फादर, वाहून आणली.”

सगळे हसले. फादर हसले, माझ्या वर्गातली मुलं सगळ्यात जास्त हसली. त्या हसण्यात मी एकटी नव्हते. मिस्सा सुरू झाली. मी खुर्चीत बसून वाट पाहत होते, आणि भीती कुठे आहे म्हणून आत शोधत होते. ती होती, पण लांब, बाहेर रस्त्यावर अडकलेल्या गाडीसारखी. मनात आलं की देवाने मला धीट केलं नाही, माझं मराठी सुधारलं नाही, पायसुद्धा नीट ठेवला नाही. त्याने फक्त माणसं पाठवली, एकेका हाताने, आणि मी ‘नको’ म्हणायच्या आत मला उचललं. मी इतकी वर्षं धरून बसले होते ते हेच. मला कोणाची गरज लागू नये. ते त्याला द्यायचं होतं, आणि ते मी दिलं असं नाही, ते माझ्या हातातून सुटलं. त्याबद्दल मी जितके आभार मानीन तितके थोडे आहेत. संगीताचे, मावशींचे, पप्पांचे, आणि ज्याने त्यांना पाठवलं त्याचे.

फादरांनी माइक माझ्या उंचीला वाकवला आणि विचारलं की मी तयार आहे का.  पहिल्या रांगेत मावशींची नात ओठ हलवत होती, मी चुकले तर सांगायला. पप्पा दाराशी भिंतीला टेकून उभे होते, अजून धापा टाकत होते. मी कागद मांडीवर उलटा ठेवला, केळ्यांच्या शेजारी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“प्रभू, मी स्वतःला तुझ्या सेवेला वाहून घेते. आणि जिथे माझे पाय चालणार नाहीत, तिथे तू मला वाहून ने. मी धरून ठेवणार नाही.”